मागचं वजन

विश्वनाथांनी तो जुना ट्रॅक्टर घरी आणला तेव्हा उमाला मनातून बरंच वाटलं होतं. कॅनडातल्या कनाटा उपनगरात एका टेलिकॉम कंपनीत आयुष्य काढलेला इंजिनियर रिटायर झाला की कुकरची शिट्टी कधी व्हायला हवी होती हेही बायकोला शिकवायला लागतो. निदान आता दिवसभर गराजमध्ये तरी असतील, असं तिला वाटलं.

ट्रॅक्टर बागेत चालवायचा, लहानसा, पण १९७१ सालचा. ओतीव लोखंडाचं इंजिन, जाड पत्रा. विश्वनाथांनी तो पुरता खोलला, घासला, मूळ रंग शोधून रंगवला. ऑक्टोबर संपत आला की त्याची हिवाळ्याची तयारी सुरू व्हायची. जुनं तेल काढून थंडीचं पातळ तेल भरायचं, सांध्यासांध्यात ग्रीस घालायचं, पेट्रोलच्या टाकीच्या तळाशी साचलेलं पाणी काढायचं. बॅटरी रोज संध्याकाळी उचलून बेसमेंटमध्ये चार्जरवर ठेवायचे. "थंडी बाधते तिला," म्हणायचे. इतक्या मऊ आवाजात ते उमाशी कधी बोलल्याचं तिला आठवत नव्हतं.

त्यांचं घर कनाटाच्या पलीकडे, शेतांच्या बाजूला. ड्राइव्हवे लांब, आणि रस्त्याकडे चांगलाच उतरता. ट्रॅक्टरला पुढे बर्फ ढकलायचं पातं लावलं की चढावर मागची चाकं जागच्या जागी गरगरायची. विश्वनाथांनी टायरना साखळ्या चढवल्या, टायरच्या आत काच धुवायचं निळं पाणी भरलं, कारण ते गोठत नाही आणि चाक जड होतं. तरी भागेना.

"मागे वजन कमी पडतंय," ते म्हणाले. फावड्याने पायऱ्यांवरचा बर्फ काढणाऱ्या उमाकडे त्यांनी वरपासून खालपर्यंत एकदा पाहिलं. "उमा, चढ बघू मागे."

मागच्या दांड्यावर त्यांनी फळी ठोकली. उमा सीटच्या पाठीला धरून फळीवर उभी राहिली आणि चाकांनी खरोखरच जमीन धरली. पहिल्या दिवशी तिला हसू आलं. जत्रेत बसल्यासारखं वाटलं. पण मग तो रिवाजच झाला. बर्फ पडला की सकाळी गराजमधून हॉर्न वाजायचा, आणि उमाने गॅस बंद करून, कोट-बूट चढवून फळीवर जाऊन उभं राहायचं. साखळ्यांनी उडवलेला चिखल आणि बर्फ वितळवायला टाकलेल्या मिठाचं पाणी तिच्या मांड्यांपर्यंत यायचं.

दुसऱ्या हिवाळ्यात डॉक्टरांनी तिला वजन कमी करायला सांगितलं, शुगर वाढली होती. तिने भात सोडला, चालायला लागली. नोव्हेंबरात विश्वनाथांनी तिला बाथरूममधल्या काट्यावर उभं केलं आणि आकडा पाहून कपाळाला आठ्या घातल्या.

"हे काय चालवलंयस?"

"डॉक्टरांनीच सांगितलंय ना."

"मग एप्रिलमध्ये कर काय करायचं ते. हिवाळाभर थांब." ते थट्टा करत नव्हते.

त्या ख्रिसमसला व्हँकुव्हरहून आलेल्या ईराने, त्यांच्या मुलीने, फळीवर उभ्या असलेल्या आईचा व्हिडिओ काढला. "आई, यू आर सो क्यूट!" म्हणाली आणि ग्रुपवर टाकला. संक्रांतीला मैत्रीण वीणाकडे सगळी मराठी मंडळी जमली तर तोच व्हिडिओ टीव्हीवर लावलेला. टोपी कानांवर ओढलेली उमा प्रत्येक खड्ड्याला हिंदकळत होती. पुरुष मंडळी हसली, बायकाही हसल्या. विश्वनाथांनी सगळ्यांसमोर तिचं वजन सांगितलं, किलोत आणि पौंडांत. "लग्नात दिसायला बारीक होती हो," ते म्हणाले, "फायदा मागाहून झाला."

उमा तिळगूळ वाटत होती. तिने ताट वीणाच्या हातात दिलं आणि वॉशरूममध्ये जाऊन नळ सोडून उभी राहिली.

जानेवारीच्या शेवटी मोठं वादळ झालं. सकाळी नगरपालिकेच्या बर्फ काढणाऱ्या गाडीने रस्ता साफ करताना त्यांच्या ड्राइव्हवेच्या तोंडाशी कमरेएवढा घट्ट बर्फाचा बांध टाकला. विश्वनाथांनी ट्रॅक्टर वेगात नेऊन त्यावर आदळला. ट्रॅक्टर जागीच थांबला, उमाची छाती सीटच्या पाठीवर आपटली. सावरते न सावरते तोच त्यांनी रिव्हर्स टाकला. उमा मागच्या मागे पडली. ट्रॅक्टर तिच्या बुटांपर्यंत येऊन थांबला, तोही ती किंचाळली म्हणून.

डावा हात तिने टेकवला होता. मनगट भलतीकडेच वळलेलं दिसत होतं.

"हात का सोडलास?" विश्वनाथ सीटवरूनच म्हणाले.

"मोडलाय हो," उमा म्हणाली. "मोडलाय. हॉस्पिटलला चला."

त्यांनी उतरून मनगट पाहिलं. मग गराजमधल्या गाडीकडे पाहिलं आणि मग बांधाकडे. "गाडी निघणार कशी? हा ढीग आधी काढायला हवा."

"मग काढा लवकर."

विश्वनाथ सीटवर बसले. पातं खाली घेतलं, पुढे रेटलं. चाकं गरगरली. पुन्हा रेटलं, पुन्हा गरगरली. त्यांनी मान वळवून पाहिलं.

"उभी राहू नकोस हवं तर," ते म्हणाले. "बस फळीवर."

उमाला प्रथम कळलंच नाही. कळलं तेव्हा तिला रडूही आलं नाही, कारण बोलणं बरोबर होतं. बांध निघाल्याशिवाय गाडी निघत नव्हती आणि मागे वजन असल्याशिवाय बांध निघत नव्हता. ती फळीवर बसली. मोडका हात कोटाच्या आत पोटाशी धरला, उजव्या हाताने सीटचं लोखंड पकडलं. प्रत्येक धक्क्याला तिच्या तोंडून आवाज निघायचा. बांध पुरता निघेपर्यंत ती बसून होती. बाजूच्या कडासुद्धा त्यांनी सरळ करून घेतल्या.

हॉस्पिटलमध्ये हाड बसवून प्लास्टर घातलं. तीन-चार दिवसांनी शेजारचा म्हातारा रसेल सूपचं भांडं घेऊन आला. विश्वनाथ ग्रोसरी आणायला गेले होते. रसेलने काय झालं ते ऐकून घेतलं. ऐकता ऐकता त्याचा चेहरा विचित्र झाला.

"पण मी विशला वजनं दिली होती," तो म्हणाला. "माझ्या भावाच्या ट्रॅक्टरची. मागच्या चाकांना बोल्ट करायची, गोल लोखंडी. ऑक्टोबरमध्येच दिली. बसली नाहीत का?"

"माहीत नाही," उमा म्हणाली.

तो गेल्यावर ती बेसमेंटमध्ये उतरली. बॅटरीच्या चार्जरमागे, फडताळाच्या खालच्या कप्प्यात, तिची एक जुनी मऊ सुती साडी गुंडाळून ठेवलेली दिसली. तिने एका हाताने घडी सोडली. आत दोन लोखंडी चकत्या होत्या, परातीएवढ्या, नव्याने रंगवलेल्या. त्यांना तेलाचा हात फिरवलेला होता.

विश्वनाथ आले तेव्हा ती स्वयंपाकघरात टेबलाशी बसली होती.

"खालची वजनं चाकांना बसतात?"

"बसतात की. ओरिजिनल आहेत." त्यांनी दूध फ्रिजमध्ये ठेवलं. "तू साडी सोडलीस का? धूळ बसेल."

"मग लावली का नाहीत?"

ते खरोखर बुचकळ्यात पडले. "अगं, रस्त्यावर मीठ टाकतात. एका हिवाळ्यात गंजून जातील. अशी जोडी आता मिळते का कुठे? उन्हाळ्यात जुन्या ट्रॅक्टरांच्या प्रदर्शनाला न्यायची आहेत."

पुढच्या आठवड्यात विश्वनाथ दातांच्या डॉक्टरकडे गेले तेव्हा उमाने रसेलला फोन केला. तो पाना घेऊन आला आणि त्याने दोन्ही वजनं चाकांना घट्ट आवळून दिली. त्याच ट्रॅक्टरवर बसून त्याने सगळा ड्राइव्हवे साफ करून दिला, वर मीठही पसरलं. मागे कोणीही उभं नव्हतं.

विश्वनाथांनी परत आल्यावर गराजचं दार उघडलं आणि ते ओरडले. शिवी अशी दिली नाही, नुसते ओरडले. मग कडाक्याच्या थंडीत, हातमोजे काढून, त्यांनी एकेक बोल्ट सोडला. लोखंडाला लागलेलं मिठाचं पाणी स्वतःच्या मफलरने टिपलं. एक वजन बेसमेंटमध्ये ठेवून आले. दुसरं छातीशी धरून उतरताना त्यांचा बर्फाने ओला बूट पायरीवरून सटकला.

उमाने आवाज ऐकला. ती चहा गाळत होती. तिने तो पुरता गाळला, कपावर बशी झाकली आणि मग बेसमेंटच्या दाराशी गेली. विश्वनाथ खालच्या पायरीवर बसले होते. वजन त्यांच्या पावलावर पडून बाजूला कलंडलं होतं. चेहरा राखेसारखा झाला होता.

"पाय गेला," ते म्हणाले. "उमा, बघ गं, रंग उडाला का?"

ती उतरली. गुडघ्यावर बसून तिने वजन उलटसुलट फिरवून पाहिलं. एक टवकाही उडाला नव्हता.

"उडालाय," ती म्हणाली. "कडेला भेगही गेलीय."

विश्वनाथांनी तोंड झाकून घेतलं आणि ते रडले. इतक्या वर्षांत तिने त्यांना रडताना पाहिलं नव्हतं, त्यांच्या आईच्या वेळीही नाही. ती थोडा वेळ पाहत राहिली. मग वर जाऊन तिने ॲम्ब्युलन्सला फोन केला.

पावलाची हाडं चेचली होती. ऑपरेशन करून स्क्रू घातले. पाय जमिनीला टेकायचा नाही, असं बजावलं. मार्चपर्यंत उमाचं प्लास्टर निघालं. मनगट थोडं वाकडंच राहिलं, पोळी लाटताना दुखायचं. विश्वनाथ दिवसभर खिडकीपाशी सोफ्यावर असायचे. वॉशरूमला जायचं तरी तिचा खांदा लागायचा.

मार्चमध्ये पुन्हा जोराचा बर्फ झाला. उमाने वजनं रसेलकडून परत लावून घेतली होती. ती ट्रॅक्टरवर बसली. दोन हिवाळे तिने मागून सगळं पाहिलं होतं, कुठला दांडा कधी ओढायचा हे तिला पाठ होतं. ट्रॅक्टर चढ सहज चढला.

ती तिसऱ्या फेरीला वळली तेव्हा खिडकीत हालचाल दिसली. इंजिनच्या आवाजात ऐकू येत नव्हतं, पण विश्वनाथ काठीने काचेवर मारत होते. प्रथम तिला वाटलं, वजनांना मीठ लागतंय म्हणून ओरडताहेत. मग त्यांचा दुसरा हात पोटाखाली दाबलेला दिसला आणि तिला समजलं.

ड्राइव्हवे साफ झाला होता. उमाने ट्रॅक्टर वळवला आणि पुन्हा रस्त्यापर्यंत नेला. तिथून शांतपणे कडा सरळ करत वर आली. मग आणखी एक फेरी मारली.

ती आत आली तेव्हा विश्वनाथ भिंतीकडे तोंड करून बसले होते. सोफ्याची गादी भिजली होती. त्यांनी तिच्याकडे पाहिलं नाही. उमाने बूट काढले, कोट टांगला, हात धुतले आणि कोरडा पायजमा आणायला आतल्या खोलीत गेली. कपाट उघडून ती बराच वेळ उभी राहिली. स्वतःची लाज वाटेल म्हणून ती वाट पाहत होती, पण लाज काही वाटली नाही.