झाकून ठेवलेला चहा

मी किटली बोलतेय. स्टीलची, वीतभरसुद्धा उंची नसलेली, लहान मुलींच्या चहाच्या सेटमधली खेळण्यातली किटली. पण आधीच सांगते, मी बोलतेय यात कौतुक काही नाही. किटलीनं गप्प असावं. खेळणी बोलायला लागली की समजा, घरातलं कुणीतरी बोलायचं थांबलंय.

सोलापूरच्या गड्ड्याच्या जत्रेत, एका ताडपत्रीवर मी पहिल्यांदा उजेड पाहिला. त्याला तीस वर्षं झाली. चार कप, चार बश्या, एक ट्रे आणि मधोमध मी. हल्लीच्या प्लास्टिकसारखी नाही हं, उन्हात धरलं की डोळे दिपायचे. अण्णाराव नावाच्या कापडदुकानदारानं मला घेतलं आणि लेकीच्या हातात दिलं. लेक महेश्वरी, चार वर्षांची. घरात कानडी, गल्लीत मराठी, आणि तोंडाला दिवसभर विसावा नाही.

अप्पा, म्हणजे तिचे वडील, दुकानातून आले की ती त्यांच्यापुढं माझा कप धरायची. “अप्पा, चा कुडी.” चहा प्या म्हणून. अप्पा वाईट नव्हते हो, पण डोकं दुकानात. “तडी,” म्हणायचे, म्हणजे थांब. कप तसाच राहायचा. मग एके दिवशी तिनं माझं झाकण उघडलं, तोंड जवळ आणलं, तेच वाक्य आत सांगून ठेवलं आणि झाकण लावलं. त्यानंतर तिनं अप्पांना कधी चहाला बोलावलं नाही. मोठी झाल्यावर चहा करून द्यायची, पण बोलवायची नाही. अप्पा सात वर्षांपूर्वी गेले, तरी ते वाक्य माझ्या तळाशीच होतं. मला त्याचा अर्थ तेव्हा कळला नाही.

मी बरीच वर्षं माळ्यावर पडून होते. मग महेश्वरीची लेक सिद्धेश्वरी तीन वर्षांची झाली आणि मला खाली काढलं. घरात तिला सिद्दू म्हणतात.

महेश्वरीचा कडक भाकरीचा धंदा आता जोरात चाललाय. पुढच्या खोलीत म्हाळसाबाई आणि आणखी दोघी भाकऱ्या थापतात. नवरा नंदीश पाकिटं टेम्पोत भरतो आणि दिवसेंदिवस पुण्याच्या वाटेवर असतो. महेश्वरीच्या कानाला कायम फोन. सिद्दू मागच्या खोलीत, माझ्याबरोबर.

एकदा ती पळत पुढं गेली. “आई, मांजरीला पिल्लं झाली! एकाचे डोळे मिटलेत!” महेश्वरीनं फोनवर हात ठेवला. “नंतर सांग हं, राणी.” आता त्या घरात नंतरसाठीचं सगळं झाकून ठेवतात. भाजी, दूध, नंदीशचं ताट. सिद्दू परत आली, माझं झाकण उघडून तिनं मांजरीची सगळी हकिगत आत सांगितली आणि झाकण घट्ट लावलं. “आई नंतर पिणार आहे,” मला म्हणाली.

दुसऱ्या दिवशी मांजर खिडकीत आली. सिद्दूनं बोट दाखवलं, ओठ उघडले, आणि शब्द काही येईना. कसा येणार? तो माझ्या पोटात होता. कोमट होता आणि अधूनमधून हलत होता.

मी घाबरले. पण सिद्दू थांबली नाही. आई रोज “नंतर” म्हणायची आणि ती रोज ठेवायची. ऊन, झोका, पप्पा, भूक. एकदा अंगणात पडली, गुडघा फुटला, आणि पोरगी रक्ताकडं बघत नुसती बसून राहिली. कारण “दुखतंय” हा शब्द तिनं आदल्याच दिवशी माझ्यात ठेवला होता. शेवटी एका दुपारी तिनं “आई” ठेवलं. त्यानंतर ती पार गप्प झाली.

आणि मी बोलायला लागले. खोटं कशाला सांगू, मला बरं वाटलं. आजवर माझ्यात नुसता पाण्याचा चहा भरायचे, आता पहिल्यांदा मी खऱ्या शब्दांनी भरले होते. महेश्वरीनं पुढून हाक मारली, “सिद्दू, काय करतेस गं?” आणि मी म्हणाले, “खेळतेय.” अगदी सिद्दूच्या आवाजात! महेश्वरीचं समाधान झालं आणि ती पुन्हा फोनवर गेली.

हे पाप माझं. महिनाभर पोरीच्या वतीनं मीच उत्तरं दिली. “जेवलीस का?” “हो.” “भीती वाटतेय का?” “नाही.” महेश्वरी शेजारणीला कौतुकानं सांगायची, आमची सिद्दू किती शहाणी, एकटी खेळते. सिद्दू तेव्हा भिंतीकडं तोंड करून बसलेली असायची, माझ्या कपासारखी, जिथं ठेवली तिथं.

म्हाळसाबाई एकदा पाणी प्यायला मागं आल्या आणि दारातच थबकल्या. तशाच पुढं गेल्या. “वैनी, पोरीचं तोंड हलत न्हाय, अन् आवाज येतोय की वो!”

“काहीतरीच काय, म्हाळसाबाई? ऊन लागलंय तुम्हाला.”

“लागलं आसंल. पर येकदा बगून तरी या की.”

“ही एवढी ऑर्डर जाऊ दे, मग बघते,” महेश्वरी म्हणाली.

ऑर्डर गेली, दुसरी आली. मे महिना होता. एका दुपारी वीज गेली. चार्जिंगला लावलेल्या फोनची बॅटरी संपलेली, बायका जेवायला घरी गेलेल्या. पंखे थांबले आणि घरात इतकी शांतता झाली की महेश्वरीला करमेना. ती मागं आली. सिद्दू तिच्याकडं तोंड करून बसली होती, पुढ्यात मी आणि कप मांडलेले.

“काय करतेस गं?”

“खेळतेय,” मी म्हणाले. सवयच झाली होती मेली.

सिद्दूचे ओठ मिटलेले होते. महेश्वरीनं ते पाहिलं.

तिच्या हातातला पदर सुटला. तिनं पोरीला धरून गदागदा हलवलं. “बोल की गं! आई म्हण. एकदा म्हण!” सिद्दूनं बोट उचललं आणि माझ्याकडं दाखवलं. महेश्वरीनं मला उचललं. मी जड होते, भरलेल्या घागरीसारखी. तिनं मला उपडं केलं, एक थेंब पडला नाही. मग तिनं मला कानाला लावलं.

मी गप्प राहू शकले असते. पोरगी कायमची माझी झाली असती, आणि माझा आवाजही कायमचा. मोह झाला, कबूल करते. पण तिचा कान माझ्या पत्र्याला टेकला, गरम, आणि तळातून तीस वर्षांपूर्वीचं वाक्य आपोआप वर आलं.

“अप्पा, चा कुडी.”

महेश्वरी मला कानाला तसंच धरून खाली बसली. स्वतःचा आवाज माणूस ओळखतोच. बराच वेळ ती हमसाहमशी रडत होती. मग तिनं डोळे पुसले, मांडी घातली आणि कप पुढं केला. “ओत, बाळा. मला दे.”

सिद्दूनं ओतलं. तेवढ्यात वीज आली, फोन सुरू झाला आणि वाजू लागला. सिद्दूनं लगेच मला खाली ठेवलं, झाकण लावायला घेतलं. महेश्वरीनं झाकणावरचा तिचा हात धरला. “वाजू दे,” ती म्हणाली. “मी चहा पितेय.” आणि त्या रिकाम्या कपातून तिनं फुर्र करून घोट घेतला, आणि पोरीकडं बघत राहिली. फोन वाजून वाजून थांबला.

“मांजर,” सिद्दू म्हणाली. आवाज गंजल्यासारखा. “पिल्लं झाली.”

“अगंबाई, कधी? किती?”

पिल्लं केव्हाच मोठी होऊन निघून गेली होती. तरी महेश्वरीनं सगळं विचारलं.

तेव्हापासून रोज दुपारी तासभर फोन पिठाच्या डब्यात असतो. नंदीशही घरी असला की बसतो, कपाच्या कानात त्याचं बोट मावत नाही. एका कपाला एक शब्द, कधी तोही नाही. मन दुसरीकडं ठेवून प्यायलं तर शब्द सुटत नाही, हे त्याला दोनदा कळलं. “आई” यायला आठ दिवस लागले. “दुखतंय” सगळ्यात शेवटी आलं, आणि आईनं तो कप पिताना पोरीचा गुडघा हातात धरला होता.

आता माझ्यात सिद्दूचं काही उरलं नाही. तळाशी महेश्वरीचं तेवढं वाक्य आहे, त्याच्याच जोरावर मी हे सगळं तुम्हाला सांगतेय. म्हणून माझा आवाज नीट ऐकलात तर तो म्हातारा लागणार नाही. तो चार वर्षांच्या मुलीचा आहे. अप्पा नाहीत, तेव्हा हा चहा प्यायला आता कुणी येणार नाही आणि तो माझ्याकडंच राहणार, असं मी धरून चालले होते.

पण आईनं सांगितलेल्या अप्पांसारखा आज सिद्दूनं खांद्यावर टॉवेल टाकलाय आणि ती मांडी घालून बसलीय. “आई, आज तू ओत. मी अप्पा होते.” महेश्वरीनं मला उचललंय. ते वाक्य कुणी प्यायलं की माझा आवाजही संपणार, म्हणजे माझ्याकडं वेळ थोडा आहे.

तेव्हा एवढं ऐका. घरी गेलात की लेकराची खेळणी एकदा उचलून बघा. रिकामी असून जड लागली, तर हातातलं काम ठेवा, खाली बसा आणि कप मागा. मागच्या खोलीतून कुणी “खेळतेय” म्हणालं, तर आवाजावर जाऊ नका. आत जाऊन ओठ बघा.

झाकण निघालं. महेश्वरी ओतून कप पुढं धरतेय. “अप्पा, चा कुडी.”

सिद्दू तडी म्हणत नाही. दोन्ही हात पुढं करते.

“आण की,” म्हणते, “सगळा पितो.”