टेप मारलेलं पार्सल

मस्कतच्या रुवीत असा एक मराठी माणूस नसेल, ज्याची उल्हासने कधी ना कधी फिरकी घेतली नाही. फोनवर अर्बाबाचा, म्हणजे ओमानी मालकाचा, आवाज काढून त्याने एकदा आपल्याच चार मेकॅनिकना भर उन्हात गाडी धुवायला लावली होती. एसी दुरुस्तीचं दुकान, वय बावन्न, जिभेला हाड नाही. अशा माणसाला यशश्री मॅडमनी अडल्या बायकांच्या मदत मंडळात घेतलं, तेव्हा लोक म्हणाले, बाईंचं डोकं फिरलं.

मॅडम शिकलेल्या समाजसेविका. शुक्रवारी वर्ग घ्यायच्या, फळ्यावर शब्द लिहायच्या: गोपनीयता, संमती, स्वयंनिर्णय. उल्हास मागच्या खुर्चीवरून म्हणायचा की स्वयंनिर्णय म्हणजे बायकोने ठरवायचं आणि आपण मान हलवायची. मॅडमही हसायच्या. मग एके दिवशी त्यांनी त्याला गुलबानूच्या केसवर घेतलं आणि हसणं खलास.

गुलबानूचं मनगट तिच्या नवऱ्याने निझव्यातल्या घरी मोडलं होतं. महिन्यापूर्वी ती निघून आली, मस्कतजवळ अल अमेरातला कुबराबाईंच्या टेलरिंगच्या दुकानात शिवायला लागली, मागच्याच खोलीत राहायला लागली. पत्ता तिघांना ठाऊक: कुबराबाई, मॅडम आणि उल्हास. "त्याला सापडले तर दुसरं मनगट जाईल, दादा," एवढंच ती म्हणाली होती.

आणि नवरा कोण, तर सिराज. कोकणात उल्हासच्या गावासमोर, खाडीपलीकडे त्याचं घर. दोघं एकाच वर्षी मस्कतला उतरलेले, बावीस वर्षं एकमेकांची टर उडवत जगलेले. हे त्याने मॅडमना आधीच सांगितलं होतं. मॅडमनी विचारलं, जमेल का? हा म्हणाला, जमवतो.

मंगळवारी सकाळी अकराला सिराज दुकानात आला. दाढी वाढलेली, बगलेत पार्सल. खुर्ची ओढून बसला आणि बोलायला लागला. सासू आजारी आहे म्हणे. परवा गावाहून माणूस आला, त्याच्याबरोबर तिने लेकीसाठी सुका जवळा आणि कोकम पाठवलंय. अंगात ताप असताना स्वतःच्या हाताने बांधलंय. आता बायकोचाच पत्ता नाही, तर द्यायचं कुणाकडे? बोलता बोलता डोळे पुसत त्याने पार्सल पुढे केलं.

आखातात माणूस उधारीला नाही म्हणेल, लग्नाला नाही म्हणेल, पण गावाहून आलेल्या पार्सलला नाही म्हणत नाही. बावीस वर्षांत उल्हासने अशी शेकडो पार्सलं घेतली होती आणि पोचवली होती. हात आपोआप पुढे गेला. तोंडही गेलं.

"पोचवतो," तो म्हणाला.

सिराज खुर्चीत मागे रेलला. डोळे पुसायचं त्याने एकदम थांबवलं.

"म्हणजे तुला ठाऊक आहे," तो म्हणाला. "चल. गाडी खालीच आहे."

उल्हासच्या पाठीतून घाम उतरला, तोही स्वतःच्या एसीसमोर. त्याने हसायचा प्रयत्न केला. चहा सांगून येतो म्हणत मागच्या दाराने निघाला आणि जिन्याखाली जाऊन उभा राहिला. डोक्यात दहा युक्त्या नाचत होत्या. पोलिसाच्या आवाजात सिराजला फोन करावा. नाहीतर त्याला खोटा पत्ता देऊन लांब सूर शहरात पिटाळावं. यातली कुठलीही पाच मिनिटांत जमली असती.

आधी त्याने मॅडमना फोन लावला. मॅडम रागावल्या नाहीत, त्याचीच त्याला जास्त लाज वाटली. त्या म्हणाल्या, चूक झाली ती आधी तिला सांगा, काय करायचं ते ती ठरवेल. मी तिच्याकडे निघते.

गुलबानूला सांगताना उल्हासची जीभ आयुष्यात पहिल्यांदा जड झाली. पलीकडे शिलाई मशीन चालू होतं. ते थांबलं.

मग तिने विचारलं, "पार्सल शिवलंय की टेप मारलीय?"

"टेप. खाकी."

"आई टेप लावत नाही, दादा. मांजरपाटात शिवते, दुहेरी दोऱ्याने. मला शिवण तिनेच शिकवलं. ते त्याने इथल्याच बाजारातून उचललंय."

दुनियेची फिरकी घेणारा माणूस सुक्या जवळ्यावर फसला होता. मग त्याने भीतभीतच आपल्या दोन युक्त्या सांगितल्या. ती नको म्हणाली. सिराज पिसाळला की काय करतो ते तिला माहीत होतं.

"तुम्ही काहीच करू नका. पार्सल समोर ठेवा, संध्याकाळी पोचवतो म्हणा आणि दुकानातून हलू नका. तो तुमच्यावर डोळा ठेवून बसेल. तेवढ्यात मी मॅडमबरोबर पोलिसांत जाते. एवढे दिवस धीर होत नव्हता. आईच्या नावाने खोटं बोलला ना, आता होईल."

तर उल्हास आत आला, काउंटरवर पार्सल ठेवलं आणि सांगितलं, आज काम फार आहे, संध्याकाळी बघू. सिराज हसला. खाली जाऊन त्याने समोरच्या फुटपाथला लागून गाडी उभी केली आणि आत बसून राहिला.

बारा वाजले, एक वाजला. उल्हासने एकच कॉम्प्रेसर तीनदा उघडला आणि तीनदा बंद केला. जेवायला गेला नाही. दोनदा सिराज गाडीतून उतरला आणि उल्हास पाना टाकून खिडकीशी धावला. दोन्ही वेळा सिराज पाणी घेऊन परत गाडीत बसला. एकदा तर त्याने गाडी सुरू केली. उल्हासने घाईने पार्सल खिडकीत त्याला दिसेल असं धरलं, पुसल्यासारखं केलं आणि परत ठेवलं. इंजिन बंद झालं. खोड काढायला हात शिवशिवत होते, पण ही खोड त्याची नव्हती. तिने सांगितलेली होती.

पावणेतीनला मॅडमचा फोन आला. तक्रार लिहून झाली होती. गुलबानू आता दुसरीकडे राहणार होती. कुठे, ते मॅडमनी सांगितलं नाही आणि उल्हासने विचारलंही नाही.

त्याने पार्सल उचललं, रस्ता ओलांडला आणि ते सिराजच्या बॉनेटवर ठेवलं. सिराजने काच खाली केली.

"सासूबाईंना सांग," उल्हास म्हणाला, "पुढच्या वेळी शिवून पाठवा."

सिराजला कळायला थोडा वेळ लागला. मग त्याने पार्सलकडे पाहिलं, उल्हासकडे पाहिलं.

"गावी आलास तर खाडीपलीकडे तोंड दाखवू नकोस," तो म्हणाला.

बावीस वर्षांत पहिल्यांदाच दोघांपैकी कुणीच हसलं नाही. उल्हास दुकानात परतला आणि कॉम्प्रेसर चौथ्यांदा उघडला.