पान्हा म्हणा, चिकटा म्हणू नका

साहेब, तुम्हाला ठाऊक होतं.

आंब्याखाली उभं राहून तुम्ही तळहात पुढे केलात, वरून पडलेला थेंब झेललात, कपाळाला लावलात आणि सगळ्या गर्दीसमोर हात जोडलेत. शेतीची पदवी घेतलेला, सरकारी जीपमधून उतरलेला माणूस झाडापुढे हात जोडतोय म्हटल्यावर गर्दीला दुसरा पुरावा कशाला हवा? मग तुम्ही जीपच्या मागे गेलात, खिशातून रुमाल काढलात आणि तोच हात घासून घासून पुसलात. हात जोडलेले सगळ्यांनी पाहिले. हात पुसताना पाहिलं ते एकट्या विठाने. ही गोष्ट तिची आहे. ऐकून घ्या, पळू नका. शेवटी एकच प्रश्न आहे.

बदलापूरच्या बेलवलीत इमारती संपतात तिथून खाली नदीच्या अंगाला विठाचं शेत. नवरा गेल्यापासून ती एकटीच कसते. पावसाळ्यात भात, मागून वाल, आणि बांधावर रायवळ आंब्यांची रांग. त्यातला रस्त्याकडचा आंबा सगळ्यांत जुना. बाकीचं शेत वर्षभर पोट भरतं, पण मिरगाआधी हातात काही पडतं ते या आंब्यांचं. कैरी विठ्ठलवाडीला स्टेशनबाहेर बसून विकायची, आणि त्यावर बियाणं, नांगरट, घराची शाकारणी. हे विठाचं गणित सासूपासून चालत आलेलं.

यंदा माघात थंडी चांगली पडली. आंबे असे मोहोरले की पान दिसेना. विठा मनात सुखावली. आणि मग फाल्गुन लागला तसं आभाळ फिरलं. दुपारी कढईत भाजल्यासारखं बदलापूरचं ऊन, पहाटे धुकं, मधेच दिवस दिवस नुसते ढग. पाऊस पडेल तर तेही नाही, उघडेल तर तेही नाही. अशी हवा माणसाला नकोशी होते, पण किड्याला सोन्याची असते.

अशाच एका ढगाळ सकाळी रस्त्याकडचा आंबा गळायला लागला. पानांवरून, मोहोरावरून बारीक बारीक थेंब, पाण्यासारखे, पण चिकट. खालचं गवत चकाकत होतं. एका पोराने बोट चाटलं आणि ओरडला, गोड आहे. संध्याकाळपर्यंत तो व्हिडिओ अंबरनाथपर्यंत पोचला, आणि दुसऱ्या दिवशी आभाळबाबा हजर.

हे आभाळबाबा कुठले, कुणाला माहीत नाही. हातात दोन मोबाइल, डोक्यावर भली मोठी काळी छत्री आणि ती धरायला एक चेला. बाबांनी झाडाच्या बुंध्याला कान लावला, डोळे मिटले आणि जाहीर केलं की या झाडात आई उतरली आहे. "आभाळ भरून आलं की लेकरांच्या मायेनं आईला पान्हा फुटतो. हे दूध आहे, बाळांनो, आईचं दूध. डायबेटिस, सांधेदुखी, पोटाचे विकार, परीक्षेचं टेन्शन, सगळ्यावर चालतं."

डायबेटिसवर गोड पाणी. पण त्या गर्दीत हे कुणाला खटकलं नाही.

विठाला मात्र पहिल्याच दिवशी खटकलं. वालावर मावा पडला की पानं अशीच चिकट होतात हे तिने जन्मभर पाहिलेलं. ती दिराला, हिरामणला, हळूच बोलली, "भावजी, यो तर चिकटा हाय. रोग पडलाय झाडावं."

हिरामण बाबांना झाडापर्यंत घेऊन आलेला, झाडाभोवती दोरी बांधलेला, गाड्या कुठे लावायच्या ते शिट्टी मारून सांगणारा. त्याने आजूबाजूला बघितलं आणि दात आवळून म्हणाला, "वयनी, तोंड सांभाळ. आईच्या दुधाला चिकटा बोलतेस? पान्हा म्हण."

सगळी मेख या एका शब्दात आहे. चिकटा म्हटलं की माणूस औषध शोधतो. पान्हा म्हटलं की ताट शोधतो. शब्द बदलला आणि रोगाचं देवस्थान झालं.

माणसं येतच राहिली. बेलवलीच्या टॉवरमधल्या बायका स्टीलची वाटी घेऊन, अंबरनाथच्या कारखान्यातले साहेबलोक बायकापोरांसकट, उल्हासनगर कॅम्प एकमधून दुकानदार मंडळी बाटल्या घेऊन. लोक तोंड वर करून, जीभ बाहेर काढून झाडाखाली उभे राहत. बाबा छत्रीखाली बसून आशीर्वाद देत. उद्या पान्हा फुटणार की नाही हे ते आदल्या दिवशी सांगत, आणि ते खरंही ठरे. त्याआधी ते दोन मोबाइलांपैकी एकात बराच वेळ बघत बसत. त्यात आई दिसत नव्हती, उद्याचे ढग दिसत होते. ऊन कडक पडून थेंब वाळले, तर गर्दीत कुणीतरी पापी आलाय म्हणून सांगायचं. कुणाच्या तरी नावाने बोटं मोडून लोक घरी जायचे.

हळूहळू पानं काळी पडायला लागली. त्या गोड चिकट्यावर बुरशी वाढते, तिला शेतकरी काजळी म्हणतात. बाबांनी तिचाही बंदोबस्त केला. म्हणाले, आईने डोळ्यांत काजळ घातलंय.

पण खरा घाव पुढे होता. भात लावणाऱ्यांच्या घरी उन्हाळा लागताना राब भाजतात. रोप टाकायच्या जागेवर शेण, पालापाचोळा, फांद्या रचायच्या, वर मातीचा हात फिरवायचा आणि पेटवून द्यायचं. तणाचं बी जळतं, रोप जोमाने येतं. विठाचा राब पिढ्यान्‌पिढ्या त्या जुन्या आंब्याच्या बाजूलाच. आणि तिच्या सासूची एक रीत होती. मोहोरात ढग आले की राब लवकर पेटवायचा, वारा बघून, म्हणजे धूर आंब्यांतून फिरतो. का, ते सासूने कधी सांगितलं नाही. करायचं म्हणून करायचं.

विठाने राब रचला होता. काडी लावायला गेली तर बाबांचा चेला धावत आला. आईला धूर चालत नाही. झाडाच्या आसपास राब नाही, होळी नाही, चूलसुद्धा नाही. औषधाच्या पंपाचं नाव काढायचं नाही. कुणी धूर केला तर आई रुसेल आणि घरातला कर्ता माणूस जाईल.

विठाच्या घरात कर्ता माणूस एकच, तिचा पुण्याला नोकरी करणारा मुलगा. ती काडी खाली टाकून परत आली.

त्याच आठवड्यात साहेब आले. एका पांढऱ्या कपड्यातल्या पुढाऱ्याबरोबर आले, पण आले. विठाला हायसं वाटलं. पीक कळणारा शिकलेला माणूस आला, आता निकाल लागेल. ती गर्दीतून वाट काढत पुढे गेली आणि पदर नीट करत विचारलं, "साहेब, यो पान्हा हाय का चिकटा? मी औषध मारू का?"

साहेबांनी वर बघितलं. मोहोराच्या दांड्यावर काय चिकटून बसलंय ते त्यांना दिसलं. ते दिसावं म्हणूनच त्यांना पगार मिळतो. मग त्यांनी पुढाऱ्याकडे बघितलं, रोखलेल्या मोबाइलांकडे बघितलं आणि म्हणाले, "मावशी, हा श्रद्धेचा विषय आहे. मी काय बोलणार?"

आणि हात जोडले. पुढचं सांगितलंच आहे.

रुमाल विठाने पाहिला होता. पण ती स्वतःलाच समजावत राहिली की मोठ्या माणसांना चिकट हाताची सवय नसते. एवढा शिकलेला माणूस हात जोडतो तर आपणच चुकलो असू, असं म्हणून तिने आपले डोळे खोटे ठरवले. लोकांना फसवणं बाबाला साधलं ते त्याच्या बोलण्याने. विठाला गप्प बसवलं ते साहेबांच्या न बोलण्याने.

त्यानंतर रोज सकाळी ती बांधावरून फिरायची. मिऱ्याएवढ्या कैऱ्या पिवळ्या पडून गळत होत्या. पायाखाली त्यांचा सडा. रोग जुन्या झाडावरून दुसऱ्यावर, दुसऱ्यावरून तिसऱ्यावर. आई रांगेने उतरत चालली होती.

ऋता मॅडम बेलवलीला राहतात आणि कॅम्प एकच्या एका शाळेत विज्ञान शिकवतात. वालाचे दाणे दर वर्षी विठाकडूनच घेतात. त्यांच्या वर्गातल्या एका मुलीने परीक्षेसाठी पान्ह्याची बाटली आणली होती आणि सगळा बाक मुंग्यांनी भरला. मॅडम चिडूनच आल्या. आल्या त्या आधी झाडाखाली जरा वेळ उभ्या राहिल्या आणि मग विठाच्या ओट्यावर येऊन बसल्या.

"विठामावशी, एक सांगा. एवढे लोक अंगावर थेंब घेतायत. बाबा छत्रीखाली का बसतात? त्यांना आईचं दूध नको?"

विठा शेंगा सोलायची थांबली.

मॅडमनी तिसऱ्या झाडाच्या फांदीखाली आपली पांढरी ओढणी धरली आणि फांदी झटकली. ओढणीवर तांदळाच्या कणीएवढे करडे, पाचरीच्या आकाराचे किडे पडले आणि तुडतुड उड्या मारायला लागले. तुडतुडे. मॅडमनी त्यातले बरेचसे डब्यात भरले. त्यात आपल्या सोसायटीतल्या निरोगी आंब्याचा, येतानाच आणलेला मोहोर ठेवला. तसाच मोहोर दुसऱ्या रिकाम्या डब्यात ठेवला. दोन्ही झाकणं लावून डबे विठाच्या फळीवर ठेवून गेल्या.

दुसऱ्या दिवशी विठाने झाकणं उघडली. एका डब्याच्या भिंतींवर चिकट, गोड थेंब. दुसरा कोरडा ठाक.

संध्याकाळी मॅडम आल्या आणि त्यांनी समजावून सांगितलं. हा किडा कोवळ्या मोहोरात सोंड खुपसून रस पितो. रसात साखर फार, त्याला तेवढी पचत नाही. जास्तीची साखर पाण्यासकट मागच्या बाजूने बाहेर टाकतो. ढगाळ दमट हवेत हे किडे भराभर वाढतात. झाडावर लाखोंनी झाले की पाऊस पडल्यासारखं वाटतं. "तुमच्या सासूबाई धूर करायच्या ना? धुराने हे मरत नाहीत, पण उठून जातात. म्हणून बाबाला धूर नको. किडा गेला की पान्हा आटला, आणि पान्हा आटला की बाबाचं दुकान बंद."

विठाने डब्याचं झाकण परत लावलं. बाबाबद्दल ती एक अक्षर बोलली नाही. म्हणाली, "म्हंजे साहेबाला म्हायत होतं. म्हणून हात पुसला."

पुढच्या ढगाळ सकाळी झाडाखाली पाय ठेवायला जागा नव्हती. बाबा रंगात आले होते. "आज आई भरभरून देणार आहे. तोंड उघडा, मन उघडा, शंका बंद करा." विठा घरातून निघाली ती हातात पेटलेली गोवरी घेऊन. हिरामण आडवा आला.

"वयनी, खुळी झालीस काय? आई कोपंल. पोराचा तरी विचार कर."

"पोराचाच करतेय," विठा म्हणाली. "बाजूला हो, भावजी. नायतर शिट्टी मार, पण हो."

गर्दीत कुणीतरी फिदीफिदी हसलं. हिरामण बाजूला झाला. विठाने राबाला गोवरी लावली. पाला वाळून खडखडीत झालेला. धूर उठला आणि वाऱ्याने सरळ आंब्यात शिरला. आणि झाड अक्षरशः उठलं. पानापानातून, मोहोरामोहोरातून तुडतुड्यांचा लोट निघाला आणि वर तोंड करून, जीभ काढून उभ्या असलेल्या लोकांवर आला. नाकात, डोळ्यांत, वाट्यांत, केसांत. बाबांनी छत्री खाली ओढून घेतली, इतकी खाली की बाबा दिसेनासे झाले.

छत्रीच्या आतून आवाज आला की हे आईचे गण आहेत, घाबरू नका.

ऋता मॅडमनी दोन्ही डबे वर धरले आणि जे विठाला सांगितलं ते सगळ्यांना सांगितलं. सोपं, न लाजता. कॅम्प एकचे एक सिंधी दुकानदार, हातात भरत आलेली बाटली, जवळ सरकले. डब्यात निरखून बघत त्यांनी विचारलं, "मॅडम, मतलब ये जो हम पी रहे हैं, ये इसके पीछे से आता है?"

"हो साईं. मागूनच."

साईंनी बाटलीकडे बघितलं. मग बाबांच्या छत्रीकडे. "और बाबा एक बूंद नहीं पिया," ते स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले, आणि बाटली तिथेच राबात उलटी केली. चर्र आवाज झाला. त्यानंतर थुंकायला सुरुवात कुणी केली ते कळलं नाही, पण सगळ्यांनीच केली. त्या गडबडीत छत्री गाडीत शिरली आणि गाडी कर्जतच्या दिशेने गेली. तिकडेही आंबे आहेत. तिकडेही फाल्गुन ढगाळ आहे.

दुसऱ्या दिवशी हिरामण दोरी सोडायला आला. मान वर न करता त्याने राबाची राख सारखी केली. विठाने त्याला ओट्यावर बसवून चहा दिला. तो फसला होता, आणि फसलेल्या माणसावर किती रागवायचं?

पण झाडांनी मोहोर परत दिला नाही. धूर उशिरा पोचला होता. औषधाची वेळ निघून गेली होती. यंदा विठ्ठलवाडीच्या स्टेशनबाहेर विठाची जागा रिकामी राहणार. बांधावर काळी पानं आणि मोकळे दांडे. जिथे घोस लटकायचे तिथे वाळलेल्या काड्या.

विठा जाब विचारायला तुमच्या कचेरीत आली होती, साहेब. तुम्ही खुर्चीतून न उठता म्हणालात की आम्ही धार्मिक बाबतीत ढवळाढवळ करत नाही. तेव्हा ती काय म्हणाली ते कचेरीतल्या सगळ्यांनी ऐकलं. "मी देवीचं नव्हतं विचारलं, साहेब. झाडाचं विचारलं होतं." तुम्हाला लगेच मीटिंग आठवली.

वाचणाऱ्यांनो, बाबा येतच राहतील. ढग येतात तसे येतील. तुम्ही थेंब जिभेवर घेण्याआधी वर बघा, तो कुठून पडतोय. सांगणारा स्वतः छत्रीखाली आहे का तेही बघा. आणि जुन्या माणसाने एखाद्या गोष्टीला चिकटा म्हटलं तर त्याला गप्प करू नका, आधी फांदी झटकून बघा. देवीला याने काही कमीपणा येत नाही. किड्याच्या घाणीला तिचं दूध म्हटल्याने मात्र येतो.

आणि साहेब, बाबाला कुणी पगार देऊन खोटं बोलायला ठेवलं नव्हतं. तुम्हाला खरं बोलायला ठेवलंय. तुमच्या तोंडून एक शब्द निघाला असता, "चिकटा", तर तेव्हा मोहोर वाचला असता. प्रश्न श्रद्धेचा नाही, विज्ञानाचाही नाही, मीटिंगनंतर उत्तर द्यायचाही नाही. साधा आहे, विठाचा आहे, आणि ती अजून वाट बघतेय.

तो पान्हा होता, तर हात का पुसलात?