दसपट मामा

कापडाच्या दुकानाचा दरवान गर्दीचं वर्णन करू लागला की ऐकत राहावं. चार गिऱ्हाइकं आली की रीघ लागायची, दहा आली की झुंबड उडायची, आणि त्याहून जास्त झाली की मुंगीला शिरायला जागा उरायची नाही. सगळे त्याला दसपट मामा म्हणत. मालकाला मात्र हे आवडे. धंदा बसलेल्या माणसाला दुसरं काय हवं असतं?

दरवानाची मुलगी तिथेच वरच्या मजल्यावर कामाला होती. त्या मजल्याच्या मागच्या दाराची किल्ली तिच्याकडे असे. गर्दी वाढली की बापाने खालून इंटरकॉमवर सांगायचं आणि तिने ते दार उघडायचं, म्हणजे खरेदी झालेले लोक तिकडून उतरत आणि पुढच्या अरुंद जिन्यावर रेटारेटी होत नसे. पण दार उघडलं की माल चोरीला जाई. बापाच्या मुंगीवर विश्वास ठेवून तिने दोनदा मालकाची बोलणी खाल्ली होती. तेव्हापासून ती त्याचं बोलणं चाळून घ्यायची.

सेलच्या दिवशी शटर वर गेलं आणि लोक दरवानाला भिंतीशी चेपतच आत घुसले. त्याने कसाबसा इंटरकॉम उचलला.

"बाळ, मागचं दार उघड. जिन्यावर पाय ठेवायला जागा नाही."

"बाबा, जागा तर परवापण नव्हती," ती हसत म्हणाली. "आणि आली होती सहा माणसं."

याहून मोठा शब्द त्याच्यापाशी उरला नव्हता, सगळे उधळून झाले होते. तो नुसता उघड, उघड म्हणत राहिला. तिने फोन ठेवला. जिन्यात कुणीतरी अडखळलं, त्याच्यावर मागचे कोसळले. शेवटी तिने दार उघडलं, तोवर दुकानात शिवणकाम करणारी म्हातारी चेंगरून मेली होती. मुलीला पहिला टाका घालायला तिनेच शिकवलं होतं.

संध्याकाळी इन्स्पेक्टर आला. किल्लीचं त्याला कळलं होतं, मुलीला वेळेवर कुणी सांगितलं होतं का एवढंच विचारायचं होतं. मालकाने घाईघाईने सांगून टाकलं की आमचा दरवान राईचा पर्वत करतो, पण सांगायला चुकत नाही.

सांगितलं म्हणावं तर पोर अडकणार, नाही म्हणावं तर आपण. दरवानाला फार विचार करावा लागला नाही.

"मी सांगितलंच नाही, साहेब," तो म्हणाला. "फारशी गर्दी वाटली नाही मला."

मुलीने बोलायला तोंड उघडलं. बापाने तिच्याकडे डोळे वटारले आणि ती गप्प झाली. पोर वाचली म्हणून त्याला हायसं वाटलं. पण ती इतक्या पटकन गप्प होईल, असं त्याला वाटलं नव्हतं.