होयबांचा खोका

छाननीच्या खोलीत तिला सगळे 'चाळणी' म्हणत, आणि कौतुकानेच म्हणत. लोकांचे स्वभाव आणि मतं जाणून घ्यायला छापलेल्या प्रश्नावल्या भरून आल्या, की त्यातल्या भरवशाच्या कोणत्या आणि फुकट गेलेल्या कोणत्या, हे तिला चटकन कळायचं. हातात पेन आलं की माणसं एकदम सज्जन होतात, हे बारा वर्षांत तिला पाठ झालं होतं. मी कधी चिडत नाही, शेजाऱ्याचा हेवा करत नाही, घरातल्या म्हाताऱ्यांना वेळ देतो. जग खरंच असं असतं तर तिची नोकरी केव्हाच गेली असती.

पकडायला सगळ्यात सोपे ते होयबा. प्रश्नावलीत एकच गोष्ट दोनदा, उलटसुलट करून विचारलेली असते. एका पानावर 'मी घरात मोकळेपणाने वावरते' आणि दुसऱ्यावर 'मला घरात कोंडल्यासारखं वाटतं'. दोन्हींना 'पूर्ण सहमत' म्हणणारा माणूस वाचत नसतो, नुसता मम म्हणत असतो. असा कागद सरळ खिडकीखालच्या खोक्यात जायचा. "जो सगळ्यालाच हो म्हणतो, तो काहीच सांगत नाही," असं साहेब म्हणायचे, आणि नव्या मुलींना हे वाक्य तीच ऐकवायची.

त्या मंगळवारी ज्येष्ठांचे कागद आले होते. तिसऱ्या गठ्ठ्यात एक निघाला: चाळीस विधानं, चाळीस वेळा पूर्ण सहमत. तिने तो खोक्याकडे नेलाही, आणि तिथेच तिचा हात थांबला. चौकटींत बरोबरच्या खुणा नव्हत्या. प्रत्येकीत एक गोल आणि गोलात बारीकशी फुली. अशा खुणा करणारी एकच बाई तिला माहीत होती, एकतीस वर्षं कारखान्यात शर्टांवर खडूने बटणांच्या जागा आखणारी तिची आई. कागदावर नाव नव्हतं, कधीच नसतं. वय चौऱ्याहत्तर, मुलाकडे राहते. खाली माहिती गोळा करणाऱ्याचा शेरा: 'स्वतः भरला. मुलगा शेजारी बसून होता.'



तशी आई जन्मभर होच म्हणत आली होती. मुकादमाला हो, नवऱ्याला हो, मुलाने मोठी खोली सोडायला लावली तेव्हाही हो. मग या चाळिसांतले सवयीचे होकार कोणते, आणि एखादा खरा असला तर तो कोणता? तिला स्वतःचा दर रविवारचा फोन आठवला. "बरी आहेस ना? जेवतेस ना वेळेवर? दादा नीट बघतो ना?" आई म्हणायची हो, हो, हो, आणि हिचा जीव भांड्यात पडायचा. असे प्रश्न कुणी प्रश्नावलीत घातले असते तर तिने त्याची खरडपट्टी काढली असती. तिला स्वतःचीच लाज वाटली.

कागद तसाच टेबलावर ठेवून, अर्ध्या दिवसाची रजा टाकून ती निघाली.

दादाची त्या दिवशी दुपारची पाळी होती, तो अजून घरीच होता. त्यानेच दार उघडलं. दाढी वाढलेली, डोळे तांबारलेले. "अगं, कळवायचंस तरी!"

आतल्या खोलीच्या दाराला बाहेरून नवी कोरी कडी होती.

"ही कशाला रे?"

"दोनदा गॅस उघडा ठेवला तिने. एकदा खालच्या जिन्यात बसलेली सापडली, घर कुठलं तेच आठवेना. आम्ही दोघं कामावर. मी काय करू, सांग? तू येतेस बसायला?" तो चिडला नव्हता, थकला होता.

 कडी काढून ती आत गेली. आई खिडकीशी खुर्चीत बसली होती. ती शेजारी टेकली, आणि या खेपेला उत्तर आईच्या तोंडात घालायचं नाही, असं तिने मनाशी ठरवलं.

"आई, इथे कसं वाटतं तुला?"

आईने आधी दाराकडे पाहिलं. मग आवाज बारीक करून विचारलं, "कसं वाटतं म्हणू? तुला काय हवंय ते सांग. तेच म्हणते."

तिला गलबलून आलं. डोळे दिसू नयेत म्हणून पाणी आणायच्या निमित्ताने ती उठली. दारापर्यंत पोचते न पोचते तोच मागून आई म्हणाली, "जाताना कडी लाव गं आठवणीने. दादाला परत उठावं लागतं."

ती तशीच वळली.

"आई, माझ्याकडे राहायला येतेस का?"

"हो," आई म्हणाली. प्रश्न पुरता संपलाही नव्हता.

असले होकार ओळखण्यात तिची बारा वर्षं गेली होती. हा कोणता, ते तिला कळेना. तिने कपाटावरची पिशवी काढली आणि एकेक कपडा उचलून विचारू लागली, हा घ्यायचा? आणि हा? आई प्रत्येकाला हो म्हणत राहिली.