वरच्या वावराचा धुरा

शेजाऱ्याची माती आपल्या वावरात आली, तर कोणाला वाईट वाटतं हो? खरं सांगा! नेरजवळच्या तांड्यातल्या खेमसिंगलाही वाटत नव्हतं. त्याचं काळंभोर, भारी वावर उताराच्या पायथ्याशी. वर उकंडाचं बरड. वीतभर तांबूस माती, खाली नुसता मुरूम. मधे धुरा, म्हणजे बांध. उकंडा उन्हाळाभर दगडमाती रचून तो बांधायचा आणि मृगाच्या तोंडावर खेमसिंग कुदळीनं दोन जागी फोडायचा. वरचा गाळ खाली आला की कपाशीची पऱ्हाटी जोमानं वाढते, ही त्याची अक्कल!

"खेमसिंगभाऊ, धुरा नोका फोडू," उकंडा हात जोडायचा. "एवढीच माती हाय माह्यापाशी."

"पाणी खालीच येईन ना बाप्पा! मी काय त्याले बोलावून राह्यलो?"

खेमसिंगची बायको मोतीबाई मोठी रोखठोक. ती म्हणाली, "दुसऱ्याच्या ताटातलं ओढून कोणाचं पोट भरलं? आज गाळ येते. वरची माती सरली म्हणजे काय येईन? मुरूमच ना!"

"तुले काय समजते शेतीतलं!"

एकसष्ट सालच्या पावसाळ्यात त्यालाच समजलं. तीन दिवस झड लागली. चौथ्या दिवशी उकंडाच्या वावरात मुरूम उघडा पडला होता आणि खेमसिंगची पऱ्हाटी गोट्यांखाली गाडली गेली होती. अरेरे! दिवाळीआधीच उकंडा बायकोला, रुखमाबाईला घेऊन राजूरच्या कोळसा खाणीवर गेला. जाताना भांडलासुद्धा नाही. भांडला असता तर बरं झालं असतं, असं खेमसिंग आजही म्हणतो.

पुढच्या उन्हाळ्यात खेमसिंगनं एकट्यानं तो धुरा पक्का बांधला आणि राजूर गाठलं. उकंडा नुकताच खाणीतून आला होता. रुखमाबाईनं पाणी दिलं. खेमसिंगनं तांब्या तसाच खाली ठेवला.

"चुकलो मी, भाऊ. धुरा बांधला. चाल घरी."

उकंडानं तोंडावरची कोळशाची धूळ पुसली. मग म्हणाला, "बरं केलं. पन आता अडवाले आत काय हाय?"

खेमसिंग तिथंच ढसाढसा रडला.

आता दर उन्हाळ्यात तो नाल्यातला गाळ बैलबंडीत भरून वर उकंडाच्या वावरात टाकतो. सहा वर्षांत चार बोटं माती झाली आहे. बंधूंनो, वीतभर माती व्हायला कित्येक पिढ्या जातात, वाहून जायला तीन दिवस पुरतात. शेजाऱ्याचा धुरा राखा. वरचं वावर उजाडलं की खालचंही वाचत नाही.

उकंडा अजून राजूरलाच आहे.