पुरे रोजे

“खरा सांग, पाळी लपवून रोजे धरतंस ना?” मासूमाने तांदूळ निवडता निवडता सुनेला विचारलं.

रमजानात घरातल्या बायका पाळीच्या दिवसांत रोजा धरत नसत, दाराआड गुपचूप जेवत आणि ते रोजे पुढे भरून काढत. सकिनाचा मात्र लग्नानंतर तिसऱ्या वर्षीही एकही सुटला नव्हता. पहिल्या वर्षी मासूमाला सून पुण्यवान वाटली. दुसऱ्या वर्षी दिवस गेले असं वाटलं. यंदा ती खोटारडी ठरली. नापाक अंगाने नमाज पढणं, याहून मोठा आरोप त्या घरात नव्हता.

“मामी, मना पाळीच येत नाय. म्हयन्यामागून म्हयने येत नाय. कितींदा सांगू?”

“असा कधी झालाय? डाक्तर सांगेल तो खरा.”

दुसऱ्या दिवशी दोघी एसटीने रत्नागिरीला गेल्या. डॉक्टरांनी नाडी पाहिली, जीभ पाहिली आणि विचारायचं ते सगळं मासूमाला विचारलं. दुखणं जिचं ती समोरच बसली होती, पण तिला विचारावं हे त्यांच्या गावीही नव्हतं. शेवटी सकिनानेच ओढणी खाली केली आणि हनुवटीवरचे राठ केस दाखवले.

“हे बी वाढतायत. खात नाय तरी अंग सुटतंय. माजा काय बिघडलाय?”

डॉक्टर हसले. “नवरा जहाजावर ना? मग घराला राखण हवीच. ठेव दाढी.” आणि मासूमाला म्हणाले, “ठणठणीत आहे. मुलगा आला की एक पोर होऊ द्या, सगळं सुरळीत होईल.”

सकिनाच्या मस्तकात तिडीक गेली. “पाळी नाय तर पोर कुठसून होयल?”

डॉक्टरांनी पुढच्या माणसाला आत बोलावलं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मासूमाने दाराआड भात आणि बांगड्याच्या साराचं ताट वाढलं. “चार दिस खा. घरातल्यांना वाटू दे, पाळी आलीय. मंग मी काय बोलायची नाय.”

खोटारडी म्हणणारीच आता खोटं करायला सांगत होती. सकिनाने ताट उचललं आणि थेट बाहेर पडवीत जाऊन बसली. पाणी घेऊन चाललेली शेजारची कनीज जागीच थांबली.

“भितर ये,” मासूमा दारातून म्हणाली. “लोक बघतायत.”

“बघू देत. मी आजारी हाय. आजारी माणसाला रोजा माफ हाय. त्याने कशाला लपायचा?”

“डाक्तर बोल्ला, आजार नाय.”

“त्याला गावला नाय. म्हंजे नाय असा नाय.”



सकिनाला रोजे मनापासून आवडत. कशालाच दाद न देणारं तिचं अंग एवढी एक गोष्ट तिच्या मनासारखी करत असे. तीही आज या लोकांनी तिच्याकडून हिसकावली होती. तिने भात कालवला, रस्त्याकडे तोंड करून पहिला घास घेतला.  तो चावून गिळला आणि दुसरा उचलला.